सगळे खण

एकतीस वर्षं मी रात्री पत्रं लावली.
आर.एम.एस.चा डबा, मिरज ते लोंढा,
एक हात खणाच्या कडेला, दुसऱ्यात गठ्ठा.
कुडची, रायबाग, घटप्रभा, पाच्छापूर.
घरी झोपेतही हात वर जायचा
नंदगडच्या खणाकडे.
बायको म्हणायची, काय हो, माशा मारालाय काय?

एकही पत्र फाडलं नाही.
तेल सांडलेलं, शाई पुसलेलं,
‘नंदगड, चिंचेजवळ, थोरल्यास द्यावे’
एवढंच लिहिलेलंसुद्धा धाडलं.
थोरला सापडला म्हणे.
चिंचा तीन होत्या.

आता टिळकवाडीत, चहाच्या आधी,
दोनशे बारा.
कोण्या बाईला मेलेल्या नवऱ्याचे डॉलर
माझ्याच हवाली करायचेत.
एकाला माझ्या टकलाची काळजी.
ज्या बँकेत माझं खातं नाही
ती माझं खातं आज रात्री बंद करणार आहे.
एक ज्योतिषी कन्नडात ‘मान्यरे’ म्हणून सुरुवात करतो,
निदान रीत तरी पाळतो.
आणि एक रोज येतं, न चुकता:
‘प्रिय इथे नाव घाला’.

त्याच्यापाशी मी अडकतो.
पत्ता बिनचूक, आत माणूसच नाही.
आमच्याकडे उलटं असायचं.

सुरुवातीला मी सभ्यपणे खालचं बटण दाबायचो,
‘यापुढे पाठवू नये’,
जसा शेरा मारून परत धाडायचो तसं.
दुसऱ्या दिवशी पन्नास जास्त.
भाची म्हणाली, मामा, उत्तर देऊ नका की,
घरात माणूस हाय म्हणून कळतंय त्यांना.
मग तिनंच सगळी निवडली,
एका बोटानं.
मी दोरीवरचे कपडे बघत राहिलो.

तडजोड अशी ठरली:
समोरचं सुप्रितानं साफ करायचं,
मागचा स्पॅमचा खण माझा, दर रविवारी.
ती विचारते, कचऱ्यात काय बघालाय?
अगं, तोही खणच.
तिसाव्या दिवशी आपोआप रिकामा होतो.
बेवारस पत्रांचं ऑफिस आमच्या वेळीही होतं,
पण तिथं कुणीतरी बसून पाकीट उघडायचं,
आत कुठं नाव आहे का शोधायचं.

गेल्या रविवारी,
लॉटरी आणि गुडघ्याचं तेल यांच्या मधे एक.
पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे नुसते आकडे.
विषय कोरा.
‘मी दोनदा मेल टाकलो. मिळालं काय?
पोराच्या फोनवरनं लिहालोय. आहेस न्हवं?
हुंदरे’
आणि नावाखाली पिन कोड.

सुप्रिता म्हणाली, असंच सुरू करतात मामा,
मग पैसे मागतात.

मी म्हटलं, चोर दिल्लीचा असू दे, पुण्याचा असू दे,
‘मेल टाकलो’ लिहायचा नाही.
‘मेल टाकला’ लिहील. शुद्ध लिहील.
तिथंच पकडला जाईल.
आणि नावाखाली पिन कोड
सॉर्टरशिवाय कोण लिहितो?

सत्ताविसावा दिवस होता.
तीन उरले होते.

मी लिहिलं,
‘मिळालं. आजच बघितलो. आहे.’
खाली माझा पिन कोड.
पाठवून झाल्यावर पोरगी हळूच बोलली,
मामा, तुमचंही तिकडं
स्पॅममध्येच गेलं असेल.

जाऊ दे.
हुंदरे आहे तो.
सगळे खण हातानं चाचपल्याशिवाय
लोंढ्याला उतरायचा नाही.